तीन रंगांचा पंचनामा

“कोणीही जागचं हलायचं नाही! खबरदार कोणी दाराबाहेर पाऊल टाकलं तर!”

हे ओरडणं माझं. पलंगावर पालथा पडलेलो, हनुवटी उशीत रुतलेली, डाव्या हातात आरसा, आणि आवाज असा की प्रताप नगरातल्या चार सेक्टरांतली कबुतरं एकदम उडाली असावीत.

“हलायचं नाही तर दूध कोण उतरवेल?” स्वयंपाकघरातून माझी बायको नंदा. “झालं काय ते तर सांगा.”

“घातपात झाला आहे!”

“बाबा, मतलब, माझी कॉलेजची बस निघून जाईल,” दारातून आमची मुलगी मुक्ता. “घातपात मी नाही केला. मी जाऊ?”

घातपाताची जागा होती माझा उजवा कुल्ला. बसायच्या हाडाच्या जरा बाहेरच्या अंगाला रुपयाएवढा लाल डाग. तुम्ही म्हणाल, यात ओरडण्यासारखं काय? तुम्ही खुर्चीत दहा मिनिटं बसलात की तुमचं बूड तुम्हाला न विचारता इकडचं तिकडे होतं. माझं बूड फार मानी. तोवर बावीस वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोललेलं नव्हतं. कमरेखाली टाचणी टोचा, निखारा ठेवा, तिकडून तक्रार येत नाही. म्हणून रोज सकाळी आरसा घेऊन स्वतःच्या अंगाची झडती घ्यावी लागते. आरसा घरचाच आहे, जुन्या स्कूटरचा, लाटण्याला स्क्रूनं पक्का केलेला. डाग दिसला की बोटानं दाबायचा. पांढरा पडला तर जीव भांड्यात. लालचा लालच राहिला तर समजायचं, आत काहीतरी मरायला लागलंय आणि त्या जागेवर बसणं आजपासून बंद. ऐकलं नाही तर भोक पडतं, भोक हाडाकडे जातं. माझ्या वेळी वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक धिप्पाड गडी होता. तो मोडलेल्या कण्यानं गेला नाही, अशा एका डागानं गेला. ही गोष्ट मी कधी फुगवून सांगत नाही.

बाकीच्या सगळ्या फुगवतो. कणा कसा मोडला याची माझ्याकडे अकरा उत्तरं आहेत. आमेरच्या चढावर हत्ती बिथरला, मी सोंडेला लोंबकळून त्याला थांबवला, हत्ती वाचला, हे पाहुण्यांसाठी. मुक्ताच्या मैत्रिणींसाठी विमानातून उडी आहे. खरं उत्तर फारच कोरडं. मी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करणारा अधिकारी. अमरावतीहून बदली होऊन जयपूरला आलो आणि दुसऱ्याच वर्षी मुरलीपुऱ्याच्या बाजूला जळालेल्या एका गोदामाच्या छपरावर चढलो. मालक खालून म्हणाला, “पत्रा मज़बूत है साहब.” पत्र्यासकट मी खाली आलो. तेव्हापासून कोणी कशालाही मजबूत म्हटलं की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. पुढे कंपनीनं मला क्लेम विभागात टेबलावर बसवलं, तिथं तर संशय घेण्याचाच पगार मिळायचा.

लोक तब्येत राखायला च्यवनप्राश खातात. मी संशय खातो, सकाळी उपाशीपोटी. बुटात पाय घालण्याआधी बूट झटकतो, कारण आत खडा असला तर तो मला संध्याकाळी रक्तावरून कळणार. लघवी जरा गढूळ दिसली की तिच्याकडे अशी नजर लावतो, जशी बनावट बिलाकडे. कपाळाला उगाच घाम फुटला, डोकं ठणकलं, की खाली कुठंतरी काहीतरी बिघडलंय, नळी मुडपलीय किंवा पट्टा काचतोय, हे हुडकत बसतो. कमरेखालचं माझं शरीर हे न पोचणाऱ्या पत्रांचं गाव आहे. तिथली खबर वरच्या मजल्यावरच्या धुरावरून काढावी लागते.

आता पुन्हा तोच हिवाळा आलाय. गल्लीच्या तोंडाशी तीळ-गुळाची गजक विकणाऱ्याचा गाडा उभा राहतो, मिठाईवाल्यांकडे फिणीचे ढीग लागलेत, आणि समोरच्या गच्चीवरून दुपारभर ‘वो काटा!’ चालू असतं. जयपुरात संक्रांतीला आकाश दिसत नाही, पतंगांच्या फटीतून जेवढं गळतं तेवढंच मिळतं. तीन-चार वर्षांपूर्वीचा तो डागाचा हिवाळाही असाच होता, फक्त थंडी राक्षसी. दुधाची पिशवी दाराबाहेर ठेवली तर तीच बेल वाजवून आत घ्या म्हणेल, अशी. साऱ्या शहराला ऊब हवी होती आणि माझ्या बाबतीत उबेइतकी संशयित वस्तू दुसरी नव्हती. ज्या कातडीला चटका कळत नाही तिला ऊब आणि भाजणं यांतला फरक फोड आल्यावर समजतो.

म्हणून डाग दिसला त्या सकाळी पहिला संशय उबेवर गेला. नंदाची गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या. ती म्हणे कधीच माझ्या पलंगावर आली नव्हती. म्हणे! मुक्ताचा हीटर खोलीच्या कोपऱ्यात होता, पण त्याचं तोंड माझ्याकडे का? माझ्या चाकांच्या खुर्चीवरच्या हवेच्या गादीचाही जबाब घेतला, हवा कमी झाली होती का. नव्या पँटच्या मागच्या खिशाची शिवण तर मला सुरुवातीपासून पटली नव्हती. आणि सर्वांत दाट संशय शेजारच्या शेखावतजींवर.

शेखावतजी फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अशा की त्यांवर दोन कबुतरं आरामात बसतील. गुडघ्यांसाठी ते तव्यावर वाळू तापवून तिची पोटली बांधायचे आणि संध्याकाळी ती घेऊन गप्पांना आमच्याकडे यायचे. “साहब, कमर पे रखो, जवान हो जाओगे!” मी शंभर वेळा नको म्हटलं होतं. पण एका संध्याकाळी हत्तीच्या गोष्टीच्या भरात मी सोंडेपर्यंत पोचलो असताना त्यांनी ती पोटली प्रेमानं माझ्या पाठीमागे सरकवली. नंदानं पाहिलं आणि लगेच काढली. क्षणभराची गोष्ट. पण क्लेम विभागात आम्ही क्षणभराच्या गोष्टींवर फायली बंद केल्या आहेत.

एक आरोपी मात्र मी कागदावर घेतलाच नाही. त्याची हकिगत इथंच सांगून टाकतो.

दसऱ्याच्या सुमारास उजवा खांदा दुखायला लागला होता. लोक गुडघ्यांनी म्हातारे होतात, मी खांद्यांनी. बावीस वर्षं माझे खांदे पायांची नोकरी करत होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, तिथून खुर्चीत, खुर्चीतून बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवर, ऑफिसात पुन्हा उलटा प्रवास. या प्रत्येक उचलण्याला आम्ही घरात ‘बदली’ म्हणतो. दिवसाच्या दहा-बारा बदल्या. इतक्या तर आमच्या कंपनीनं सबंध खात्याच्याही केल्या नसतील. फिजिओथेरपीच्या मीणा मॅडमनी हात वर करायला लावला, तो अर्ध्यात अडकला. त्या म्हणाल्या, “अंकलजी, कंधा घिस गया है. अब उठना नहीं, सरकना है.” आणि एक गुळगुळीत फळी दिली. एक टोक पलंगावर, एक टोक खुर्चीत, मधून बसल्या बसल्या घसरत जायचं. चाकाच्या बाजूला सुरुवातीला कोणी तरी हात द्यायचा.

मी घरी येऊन सांगितलं, “मॅडम म्हणाल्या खांदा लोखंडाचा आहे.” आणि फळी? “ऑफिसनं दिवाळीची भेट दिली, इस्त्रीसाठी.” मुक्ताच्या ओढण्या तीन महिने तिच्यावर इस्त्री होत राहिल्या.

कशासाठी हे सगळं? सांगतो. मला उठवून बसवायला कोणाची गरज नाही, हे एकच वाक्य माझ्याजवळ होतं, जे मी कधी फुगवलं नव्हतं. नंदा सकाळी सातला मला खुर्चीत बसलेला पाही, पलंगातून उचललेला नाही. त्या फळीवरून मला पलीकडचं सगळं दिसत होतं. आज फळी, उद्या फळीला हात देणारा, परवा दोन माणसं ‘एक, दो, तीन’ म्हणत मला पोत्यासारखं टाकणार. म्हणून मी दात आवळून उचलत राहिलो. बंद दाराआड, आवाज न करता. एवढ्या मोठ्यानं बोलणारा माणूस रोज सकाळी सातच्या आत काय गप्प असायचा!

तर डागामुळे खुर्ची सुटली. दहा दिवस ऑफिसला रजा. सकाळी ऊन आलं की अंगणातल्या लाकडी तख्तावर पालथा, छातीखाली उशी. पालथ्या माणसाला जग कसं दिसतं? पायांचं. दूधवाल्याची चप्पल, मुक्ताचे रंगीत मोजे, शेखावतजींचे आरशासारखे पॉलिश केलेले बूट. पतंग तर दिसायचेच नाहीत, पण फरशीवरून त्यांच्या सावल्या सरकत. मी सावल्यांवरून काटाकाटी ओळखायला शिकलो. दोन सावल्या जवळ येत, थरथरत, एक अचानक सैल होऊन भिंतीवर चढे, आणि वरून आरोळी यायच्या आधी मी खालून सांगे, “कटली!” मोहल्ल्यात बातमी पसरली की मराठी साहेबांना जमिनीकडे बघून आकाश कळतं. ती मीच पसरवली होती.

रोज सकाळी नंदा मुक्ताच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं डागाचा फोटो काढायची, कमी होतोय का हे पडताळायला. बावीस वर्षांनी स्वतःचं बूड इतकं स्पष्ट पाहिलं. ते माझ्याहून वेगानं म्हातारं झालं होतं, मांस सुकलेलं, हाड डोकावणारं. मला त्याचा राग आला आणि मग उगाच दया. मुक्तानं एकदा तो कॅमेरा कॉलेजच्या सहलीला नेला. संध्याकाळी आल्यावर तो नंदाच्या पुढ्यात आपटला. मग एकदम, “मतलब आई, डिलीट तर करायचं ना!”

अकराव्या दिवशी डाग गेला. मी गाजावाजा करून खुर्चीत बसलो, अर्धाच तास. दुसऱ्या सकाळी आरशात पुन्हा लाल.

आता मात्र मी पेटलो. पिशवी नाही, हीटर नाही, पँट बदललेली, तरी डाग? म्हणजे गुन्हेगार घरातच मोकळा फिरतोय. जळालेल्या मालाच्या तपासणीत आम्ही एक युक्ती करायचो, संशयित वस्तूला रंग लावून ठेवायचा आणि तो पुढे कोणाच्या हाताला लागतो ते पाहायचं. दिवाळीच्या रांगोळीच्या पुड्या उरल्या होत्या. त्या रात्री झोपताना पलंगाजवळच्या खुर्चीवर मी गुपचूप रंग चोळले. गादीच्या कडेला पिवळा. खुर्चीच्या पाठीच्या शिवणीला, जिथं शेखावतजींची पोटली टेकली होती, निळा. आणि उजव्या चाकाला वरून गुलाबी. चाकावर माझा काडीचा संशय नव्हता. पण ओळखपरेडीत एक तरी निर्दोष उभा करावा लागतो, तेवढाच तो.

सकाळी पांढरा पायजमा घालून बदली केली. पुन्हा पलंगावर आलो, पालथा झालो, आरसा धरला.

पिवळा नव्हता. निळा नव्हता. उजव्या कुल्ल्यावर, बरोबर त्या जागी, गुलाबी रंगाचा रुंद फराटा. बोटभर नव्हे, चांगला पंजाभर. मी चाकावरून स्वतःला उचलून नेत नव्हतोच. मी रोज चाकावरून घासत जात होतो. खांदा मला उचलत नव्हता, फक्त उचलल्याचं मला सांगत होता, आणि मी, जो पत्र्यावर, बिलांवर, बायकोवर, रबरी पिशवीवर संशय घेतो, मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

एखाद्या भल्या माणसानं त्या वेळी काय केलं असतं ते तुम्ही ओळखा. मी चाक पुसलं. पायजमा बादलीत भिजवला. लग्नापासून मी एक रुमाल भिजवला नव्हता. नंदा बादलीपाशी थांबली, गुलाबी पाण्याकडे तिनं पाहिलं, आणि नळ सोडला. तिचं ते न बोलणं मला फार संशयास्पद वाटलं.

आणि संक्रांतीच्या दिवशी, शेखावतजी तिळाचे लाडू आणि मला खालून उडवता येईल असा एक छोटा पतंग घेऊन आले, तेव्हा मी तख्तावरून निकाल जाहीर केला. “शेखावतजी, तपास पूरा हो गया. आपकी रेत ने जलाया है.”

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बूट दिसत होते. वर सगळी गल्ली किंचाळत होती. मग बूट जुळले, जसे फौजेत जुळतात, आणि ते म्हणाले, “माफ़ी चाहता हूँ, साहब.” पतंग तख्ताच्या पायाशी ठेवून बूट निघून गेले. त्यानंतर आठवडाभर संध्याकाळी आमच्याकडे कोणी आलं नाही, आणि हत्तीची गोष्ट ऐकायला घरात कोणीच उरलं नाही.

त्या आठवड्यात मी काय केलं? अजून उंच उचलायचा प्रयत्न केला. एका सकाळी हात टेकला, जोर लावला, आणि खांद्यात कोणीतरी ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. मी अर्धा पलंगावर, अर्धा चाकावर, बूड नेमकं चाकाच्या कडेला. ना इकडे, ना तिकडे. ओरडावं तर अशा अवस्थेत कोणाला आत येऊ द्यायचं? दहा मिनिटं तसाच लटकलो. मी नेहमी सांगताना तास सांगतो, पण दहाच मिनिटं होती. मग ओरडलो. नंदा आली, काखेत हात घालून मला मागे पलंगावर घेतलं, पालथं केलं, आणि आरसा माझ्या हातात न देता स्वतः पाहिलं.

“कातडी फाटली,” ती म्हणाली.

दुपारी मीणा मॅडम घरी आल्या. जखम उथळ होती, हाड लांब होतं. त्या म्हणाल्या, अजून एकदा असं घासलं तर हाड लांब राहणार नाही. मी उशीत तोंड घालून पडलो होतो. तो वॉर्डातला धिप्पाड गडी आठवला. त्याचे हात माझ्याहून जाड होते.

त्या संध्याकाळी मुक्ताला पाठवून मी शेखावतजींना बोलावलं. बूट तख्तापाशी येऊन उभे राहिले. फरशीकडे बघत सगळं सांगितलं, रंगासकट. “रेत बेक़सूर थी. मैं ही था.” आयुष्यातली ही एकमेव हकिगत असेल जी मी सांगताना आखूड केली. ते खाली बसले, गुडघे कटकट वाजवत, अगदी माझ्या नाकासमोर, आणि मिशीतून म्हणाले, “साहब, आप हाथी वाली सुनाओ. ये वाली जमी नहीं.”

नंदाला सांगणं राहिलं. तिला सांगायला मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, “राहू द्या. मॅडमनी दसऱ्यालाच फोन केला होता मला.”

“दसऱ्याला? मग बोलली काहून नाही?”

“तुम्ही सांगता की नाही, ते पाहायचं होतं.” ती फळीवरून मुक्ताची ओढणी उचलत होती. “पण डाग दिसल्यावर बोलायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं.”

म्हणजे त्या घरात तीन महिने दोन माणसं एकमेकांवर डोळा ठेवून होती, दोघं प्रेमानं, आणि मध्ये माझी कातडी गेली. संशय प्रकृतीला चांगला, हे मी आजही मानतो. आजही बूट झटकतो, लघवीशी उलटतपासणी करतो. पण तेव्हापासून झडतीला मी एकटा बसत नाही. आरसा मी धरतो, बोट नंदा दाबते, आणि दोघांचं मत जुळल्याशिवाय फाईल बंद होत नाही. पाणी किती प्यालो यावरही आमचे मतभेद होतात. होऊ देत. अठ्ठावन्नाव्या वर्षी आमच्या ऑफिसातले लोक शुगरच्या गोळ्या मोजतात, मी साक्षीदार वाढवलेत.

जखम भरायला पतंगांचा मोसम संपावा लागला. गच्च्या रिकाम्या झाल्या, तारांवर फाटके कागद राहिले, सकाळचं ऊन अंगाला बोचायला लागलं. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, बसा. नंदानं फळी लावली, एक टोक पलंगावर, एक खुर्चीत, चाकावर जाड टॉवेल टाकला. ती चाकाच्या बाजूला वाकून उभी राहिली. मी हात टेकले. उचललं नाही. सरकलो. इंच इंच, श्वास घेत, लहान मूल घसरगुंडीवर अडकतं तसा, कुरकुरत. शेवटी गादीवर पोचलो. एवढ्याशा अंतराला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी पूर्वी तीन बदल्या केल्या असत्या.

घाम पुसला. तिच्याकडे पाहायचा धीर होत नव्हता. पण विचारल्याशिवाय राहवेना.

“खरं सांग नंदा. पोत्यासारखा दिसलो का?”

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “मी चाकाकडे पाहून राहिली होती.”